दादरची सदनिका, मावशीचे मृत्युपत्र आणि सोसायटीने मागितलेले प्रोबेट

केवडा

नमस्कार. एका कौटुंबिक प्रश्नावर जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. तपशील थोडा विस्ताराने देते, कारण अशा बाबतीत राहून गेलेली एखादी गोष्टच उत्तर बदलून टाकते, असे आतापर्यंतच्या चौकशीत दिसले.

माझ्या मावशीचे यंदा जानेवारीत निधन झाले. ती शिक्षिका होती. दादर पश्चिमेला एका सहकारी गृहनिर्माण संस्थेतील दोन खोल्यांची सदनिका तिने 1987 मध्ये स्वतःच्या पगारावर कर्ज काढून घेतली होती आणि करारनाम्यापासून भागदाखल्यापर्यंत (शेअर सर्टिफिकेटपर्यंत) सगळे कागद तिच्या एकटीच्या नावावर आहेत. काका 1994 मध्ये गेले. त्यांना मूलबाळ नव्हते. 2016 मध्ये तिने फुलस्केप कागदाच्या तीन पानांवर, स्वतःच्या हस्ताक्षरात, मराठीत मृत्युपत्र लिहिले. प्रत्येक पानाखाली तिची सही आहे आणि शेवटच्या पानावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत: एक शेजारच्या बाई आणि दुसरे आमचे नेहमीचे डॉक्टर. सदनिका आणि बँकेतील ठेवी माझ्या व माझ्या मामेबहिणीच्या नावे समान वाट्याने ठेवल्या आहेत. मृत्युपत्राची नोंदणी झालेली नाही. शेजारच्या बाई 2021 मध्ये वारल्या. डॉक्टर आहेत आणि आजही दवाखाना चालवतात.

अडचण अशी की 1996 मध्ये संस्थेला दिलेल्या नामनिर्देशनाच्या (नॉमिनेशनच्या) अर्जात मावशीने काकांच्या पुतण्याचे नाव लिहिले होते आणि ते पुढे बदलायचे राहून गेले. संस्थेने आता लेखी कळवले आहे की, ‘उच्च न्यायालयाचे प्रोबेट आणल्याशिवाय मृत्युपत्राची दखल घेता येणार नाही, अन्यथा नामनिर्देशित व्यक्तीच्या नावे भाग हस्तांतरित केले जातील.’ प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला. पुतण्या सज्जन आहे, दहाव्या-बाराव्याला सगळे दिवस आमच्याबरोबर होता, आणि घराबद्दल त्याने अवाक्षरही काढलेले नाही. माझी आई आणि मामा यांनी ‘आमची हरकत नाही’ असे मुद्रांकावर लिहून ठेवले आहे.

प्रोबेट घ्यावेच लागेल का, नामनिर्देशित व्यक्ती मालक होते का, आणि एक साक्षीदार हयात नसल्याने मृत्युपत्र कमकुवत होते का, हे माझे तीन प्रश्न आहेत.

कोर्टनाका

केवडाताई, मी मुंबईत दिवाणी वकिली करतो. कागद प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय दिलेले मत हे मतच असते, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

संस्थेचे पत्र जुन्या कायद्याच्या सवयीने लिहिलेले दिसते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मधील कलम 213 असे सांगत असे की, हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन व्यक्तीने मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात किंवा जुन्या बंगाल प्रांताच्या प्रदेशात मृत्युपत्र केले असेल, अथवा ते तेथील स्थावर मिळकतीविषयी असेल, तर प्रोबेट किंवा प्रशासनपत्र (मृत व्यक्तीच्या मिळकतीची व्यवस्था पाहण्याचा न्यायालयाने दिलेला अधिकार) घेतल्याशिवाय त्याखालील हक्क न्यायालयात शाबीत करता येणार नाही. त्यामुळे दादरच्या घराला प्रोबेट लागे आणि मुलुंडचा नाका ओलांडून ठाण्यात गेले की लागत नसे. संसदेने डिसेंबर 2025 मध्ये संमत केलेल्या निरसन व सुधारणा कायद्याने हे कलमच वगळले. मावशींचे निधन त्यानंतरचे आहे, तेव्हा सक्तीचा प्रश्न उरत नाही. शिवाय जुने कलमही न्यायालयात हक्क शाबीत करण्यापुरतेच बोलत होते. सोसायटीच्या दप्तरातील नोंदीबद्दल त्यात काही नव्हते.

आता दुसरी गोष्ट, जी संस्थेने आणि बहुधा तुम्हीही पाहिलेली नाही. मृत्युपत्रात त्याची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, म्हणजे एक्झिक्युटर, नेमलेली आहे का? प्रोबेट फक्त एक्झिक्युटरलाच मिळते, हे कलम 222 मध्ये स्पष्ट आहे. कोणी नेमलेले नसेल, तर मिळते ते ‘मृत्युपत्र जोडलेले प्रशासनपत्र’, ज्याला कोर्टात सगळे लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन म्हणतात. तसे असल्यास संस्था तुमच्याकडे जे मागत आहे, ते मुळात मिळूच शकत नाही.

नामनिर्देशनाबद्दल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात 2019 च्या दुरुस्तीने गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले आणि त्यातील कलम 154ब-13 ने हा गोंधळ बऱ्याच अंशी मिटवला. सभासदाच्या मृत्यूनंतर संस्थेने मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस प्रमाणपत्र किंवा हक्कदारांनी केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा लेख यांच्या आधारे हस्तांतरण करायचे असते. नामनिर्देशित व्यक्तीला संस्था घेते ती तात्पुरती सभासद म्हणून, खरे हक्कदार पुढे येईपर्यंत. तेव्हा पुतण्याच्या नावे घर ‘करून टाकू’ हा संस्थेचा इशारा कायद्याला धरून नाही. याच कलमाचा हवाला देऊन लेखी अर्ज करा, पोच घ्या आणि हरकती मागवणारी जाहीर सूचना वृत्तपत्रात देण्याची विनंती करा. नकार आल्यास सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

साक्षीदाराचे उत्तर सविस्तर द्यावे लागेल. आज कोर्टाची तयारी आहे, संध्याकाळी लिहितो.

निवृत्त_रोखपाल

बँकेच्या बाजूने दोन शब्द. नामनिर्देशन म्हणजे वारसा, हा समज आमच्या खिडकीवर रोज भेटायचा. बँकेने नामनिर्देशित व्यक्तीला पैसे दिले की बँक आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, एवढाच त्याचा अर्थ. ते पैसे घेणारा हक्कदारांच्या वतीने धरून असतो. कंपन्यांच्या समभागांबाबत काही काळ वेगळे मत चालले होते, पण ‘शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 14 डिसेंबर 2023 रोजी तोही प्रश्न निकालात काढला आणि नामनिर्देशनाने उत्तराधिकाराचा कायदा बाजूला सारता येत नाही असे सांगितले. विम्यात मात्र 2015 पासून फरक आहे. आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले यांना नेमले असेल तर ती रक्कम सामान्यतः त्यांचीच होते. म्हणून सगळ्या कागदांना एकच नियम लावू नये.

1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि ठेवींमध्ये प्रत्येकाचा टक्का लिहिता येतो. ज्यांचे जुने अर्ज पडून आहेत, त्यांनी ते या निमित्ताने काढून वाचावेत, ही कळकळीची विनंती. मृत्युपत्र एक सांगते आणि अर्ज दुसरेच सांगतो, अशा घरांमध्ये भावंडांचे बोलणे बंद झालेले मी पाहिले आहे.

आणि मृत्युपत्र लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर उघडण्यासाठी हक्काचा कागद लागतो आणि हक्काचा कागद लॉकरमध्ये असतो. घरातल्या विश्वासू माणसाला जागा माहीत असावी, किंवा मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेव म्हणून द्यावे. नोंदणी अधिनियम, 1908 मध्ये तशी सोय आहे आणि फारच थोडे लोक ती वापरतात.

उंबरठा

केवडा, तुझी मावशी तीन पाने लिहून गेली म्हणून आज तुझ्याजवळ विचारायला प्रश्न तरी आहेत. ती लिहून गेली नसती तर काय झाले असते, ते सगळ्या बायकांनी एकदा नीट समजून घ्यावे, म्हणून लिहिते.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 चे कलम 15 काढून वाचा. मृत्युपत्र न करता हिंदू स्त्री वारली, तर तिची मिळकत आधी मुले आणि पती यांच्याकडे जाते. मुले नसतील आणि पतीही नसेल, तर ती जाते पतीच्या वारसांकडे. तिचे स्वतःचे आई आणि बाप त्यानंतर येतात, आणि भावंडांचा नंबर त्यांच्याही मागे लागतो. माहेरच्या आईबापांकडून वारशाने आलेल्या मिळकतीला अपवाद आहे. परंतु तिने स्वतः कमावलेल्या मिळकतीला नाही. 1956 साली बायकांची स्वतंत्र कमाई कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फारशी नसावी, हे एक वेळ समजू शकते. आज नोकरी करून, हप्ते फेडून घर घेणाऱ्या लाखो बायकांना तोच क्रम लागू आहे, हे मात्र मला मुळीच समजू शकत नाही.

2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेले ‘ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण’ हे प्रकरण मी वाचले तेव्हा दिवसभर दुसरे काही सुचले नव्हते. नारायणीदेवींचे लग्न 1955 मध्ये झाले आणि तीन महिन्यांच्या आत पती सर्पदंशाने वारले. सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढले. माहेरच्यांनी शिकवले, त्यांना नोकरी लागली, भविष्यनिर्वाह निधी आणि बँकेतील ठेवी असे सगळे त्यांनी स्वतः उभे केले. 1996 मध्ये त्या मृत्युपत्र न करता गेल्या. त्यांची कमाई कोणाला मिळाली? पतीच्या बहिणीच्या मुलांना. न्यायालयाने म्हटले की, कायद्याची भाषा स्पष्ट असताना सहानुभूतीने निकाल देता येत नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, पण दोन साक्षीदारांसमोर लिहिलेला एक कागद हा क्रम आजच्या आज बदलू शकतो. ज्या बायकांच्या नावावर स्वतःचे काही आहे, त्यांनी ‘अजून वय कुठे झाले आहे’ हे म्हणणे सोडावे.

कोर्टनाका

उंबरठाताईंनी मांडलेला मुद्दा केवडाताईंच्या प्रकरणात थेट उपयोगाचा आहे. तुम्ही आई आणि मामा यांची ना-हरकत घेतली आहे. ती अस्थानी नाही, परंतु कायद्याच्या दृष्टीने तिचे वजन अगदी थोडे आहे. मृत्युपत्र नसते तर ज्यांना मिळकत मिळाली असती, त्यांची संमती मोलाची असते. आणि इथे ते लोक सासरचे आहेत. प्रशासनपत्राचा अर्ज केला तर न्यायालयाची नोटीसही त्यांनाच जाईल. म्हणून काकांच्या बाजूने आज कोण कोण हयात आहे, ते लिहा.

आता साक्षीदार. भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 63 ची अपेक्षा अशी की, मृत्युपत्र करणाऱ्याने सही करावी, दोन किंवा अधिक साक्षीदारांपैकी प्रत्येकाने ती सही होताना पाहावी किंवा ‘ही माझी सही’ असे त्याच्या तोंडून ऐकावे, आणि मग त्याच्यासमोर स्वतः सही करावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, वकीलही सक्तीचा नाही. पुढे मृत्युपत्र शाबीत करताना, पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम 68, जे आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 67 झाले आहे, निदान एका हयात साक्षीदाराला उभे करायला सांगते. एक पुरतो, पण तो कसा पुरतो ते पाहावे लागते. ‘जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम’ या आपल्याकडच्या प्रकरणात साक्षीदार आला, स्वतःच्या सहीबद्दल बोलला, पण दुसऱ्या साक्षीदाराने मृत्युपत्र करणाऱ्यासमोर सही केली की नाही, हे त्याच्या साक्षीतून सिद्ध झाले नाही. आणि मृत्युपत्र शाबीत झाले नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना काय आठवते, याला अतिशय महत्त्व आहे. मावशींनी त्यांच्यासमोर सही केली का, शेजारच्या बाईंनी त्यांच्यासमोर सही केली का, मावशींची प्रकृती आणि समज त्या दिवशी कशी होती, कागद कोणी आणला, खोलीत आणखी कोण होते, या सगळ्याचे शपथपत्र आत्ताच करून घ्या. उद्या वाद होईल म्हणून नव्हे. माणसाची स्मृती आणि आयुष्य दोन्ही आपल्या हातात नसतात, म्हणून.

सावळी

कोर्टनाका यांच्याशी एका बाबतीत माझे मत जुळत नाही. सक्ती गेली म्हणून प्रोबेट किंवा प्रशासनपत्राची गरज गेली, असा अर्थ लोक काढतील, आणि मुंबईतल्या घराच्या किमती पाहता तो धोक्याचा आहे. मी मालमत्ता खरेदी-विक्रीच्या कागदपत्रांचे काम करते. मृत्युपत्राने आलेले घर विकायला काढले की खरेदीदाराला कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि विनानोंदणी हस्तलिखितावर तो सहजासहजी समाधानी होत नाही. न्यायालयाचा शिक्का असलेले मृत्युपत्र सगळ्या जगाविरुद्ध खरे ठरते. सोसायटीने नाव लावले, तर ती केवळ एक नोंद असते. उद्या परदेशातून एखादा भाचा आला, तर सारे पुन्हा पहिल्यापासून. महाराष्ट्रात प्रोबेटच्या न्यायालयीन शुल्काला 75,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे. दादरच्या घराच्या किमतीपुढे ही रक्कम मोठी नाही. वकिलाची फी आणि वेळ हा खरा खर्च आहे, हे मान्य.

कोर्टनाका

सावळीताईंचे म्हणणे मी नाकारत नाही. सक्ती वेगळी आणि शहाणपण वेगळे. मिळकत मोठी असेल, नजीकच्या काळात विकायची असेल, एखाद्या वारसाचा ठावठिकाणा लागत नसेल किंवा कोणी कुरबुर करत असेल, तर मी स्वतः अशिलाला न्यायालयात जायला सांगतो. मात्र सगळे हक्कदार एकमताने लिहून देत असतील आणि राहते घर राहतेच ठेवायचे असेल, तर त्या कुटुंबाला केवळ भागदाखल्यासाठी उच्च न्यायालयात पाठवणे मला योग्य वाटत नाही. विरोध नसला तरी महिने जातात; विरोध आला की अर्जाचा दावा होतो आणि मग वर्षे जातात. आणखी एक गोष्ट विसरू नये. प्रोबेट न्यायालय मृत्युपत्र खरे की खोटे एवढेच पाहते. मिळकत मुळात मृत व्यक्तीच्या मालकीची होती का, हे ते ठरवत नाही.

मुळाकाठ

आम्हां पुणेकरांना या सक्तीची सहसा झळ लागली नाही, कारण मृत्युपत्र इथले आणि मिळकतही इथली असायची. आमच्याकडचा त्रास शेतजमिनीचा आहे. माझ्या गावी, सातारा जिल्ह्यात, लोक सातबाऱ्यावर नाव लागले की निश्चिंत होतात. फेरफार हा महसुलासाठी असतो, त्याने मालकी येत नाही आणि जातही नाही, हे कितीही सांगितले तरी पटत नाही. मृत्युपत्राच्या आधारे नोंद धरायला दिली, तर तलाठी नोटीस काढतो, हरकत आली की प्रकरण वादग्रस्त नोंदीत जाते आणि तिथून पुढे दिवाणी न्यायालयाचा रस्ता असतो.

दुसरे म्हणजे, सातबाऱ्यावर आजोबांचे एकट्याचे नाव आहे म्हणून ते साऱ्या जमिनीचे मृत्युपत्र करू शकतात, असे नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर ते आपल्या वाट्यापुरतेच मृत्युपत्र करू शकतात. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मानेच सहदायाद (वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा असलेली) आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ‘विनीता शर्मा’ निकालानंतर, म्हणजे 11 ऑगस्ट 2020 नंतर, बाप त्या तारखेला हयात होता की नाही हा वादही संपला आहे. तरीही बहिणींकडून हक्कसोड पत्र घेणे हा एक रिवाजच होऊन बसला आहे. रक्षाबंधनाला साडी घ्यायची आणि त्याच महिन्यात तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत न्यायचे, याला मी तरी प्रेम म्हणू शकत नाही.

घरकुल

एक शंका. मृत्युपत्राचा एवढा खटाटोप करण्यापेक्षा हयातीतच बक्षीसपत्र करून टाकणे सोपे नाही का? महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुले, नातवंडे यांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क अगदी कमी आहे असे ऐकतो.

सावळी

शुल्काची सवलत आहे, ऐकले ते खरे आहे. मात्र ती ठराविक नात्यांपुरतीच आहे, आणि केवडाच्या मावशीसारख्या बाईने भाचीला घर दिले असते तर ती लागू झाली नसती. त्याहून मोठी गोष्ट अशी की, मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते आणि बक्षीसपत्र नोंदले की घर दुसऱ्याचे होते. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, तो न केल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते, आणि जानेवारी 2025 मध्ये ‘ऊर्मिला दीक्षित’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा उदार अर्थ लावला. परंतु ती अट सिद्ध करायला सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांना घर द्यायचेच आहे त्यांनी निदान हयातीपर्यंत राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट बक्षीसपत्रात शब्दांत लिहून घ्यावी. राहते घर एकच असेल, तर मी कोणालाही बक्षीसपत्र सुचवत नाही.

मांडवीतीर

गोव्याचे कोणी वाचत असेल तर त्यांनी वरचे सगळे आपल्याला लागू धरू नये. आमच्याकडे पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा पुढे चालवणारा 2012 चा उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाहीचा कायदा आहे आणि तो सप्टेंबर 2016 पासून अमलात आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मिळकत सामाईक होते, आणि मुले असतील तर आपल्या वाट्याच्या निम्म्याच भागाचे मृत्युपत्र करता येते. उरलेला निम्मा मुलांचा राखीव असतो, मग ते मुलगे असोत वा मुली.

मुंबईत घर घेतलेल्या गोमंतकीयांसाठी महत्त्वाचे म्हणजे, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये ‘जोझे पावलो कुतिन्हो’ प्रकरणात सांगितले की, गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीची मिळकत भारतात गोव्याबाहेर असली, तरी तिचा उत्तराधिकार गोव्याच्याच कायद्याने ठरतो. त्या खटल्यातील मिळकत मुंबईतली होती. माझ्या ओळखीत किती जणांनी मुंबईचे घर एकाच मुलाच्या नावे मृत्युपत्राने ठेवले आहे, हे आठवून चिंता वाटते.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये राहतो. इकडच्या मराठी कुटुंबांत एक चूक सर्रास होते, ती सांगतो. इथला वकील मृत्युपत्र लिहिताना पहिल्याच परिच्छेदात ‘याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत’ असे घालतो. भारतातील घरासाठी तिकडे वेगळे मृत्युपत्र केलेले असेल, तर या एका वाक्याने ते रद्द होऊ शकते. दोन देशांत मिळकत असेल तर दोन मृत्युपत्रे करणे सोयीचे असते, पण प्रत्येकात ‘हे फक्त अमुक देशातील मिळकतीपुरते आहे’ असे लिहिलेले असले पाहिजे. वारशाने मिळालेले घर विकून पैसे बाहेर न्यायचे, तर अनिवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत परवानगी असते, आणि तेव्हा बँक वारशाचा पुरावा मागते. म्हणून सावळीताईंच्या म्हणण्याला माझा दुजोरा आहे: वारसांपैकी कोणी परदेशात असेल, तर न्यायालयाचा कागद घेतलेला बरा.

केवडा

सर्वांचे मनापासून आभार. विचारलेल्या तपशिलांची उत्तरे देते.

मृत्युपत्रात एक्झिक्युटरचे नाव नाही. काळजीपूर्वक पुन्हा वाचले. काकांना एक धाकटा भाऊ होता, ते 2012 मध्ये वारले. नामनिर्देशित पुतण्या त्यांचाच मुलगा, आणि त्याला एक बहीण आहे. काकांची एक बहीण, म्हणजे मावशीची नणंद, नागपूरला असते. वय ऐंशीच्या पुढे आहे, पण समज अगदी लख्ख आहे. तिचा आणि मावशीचा शेवटपर्यंत पत्रव्यवहार होता. पुतण्याशी मी मोकळेपणाने बोलले, त्याला मृत्युपत्राची प्रत दिली. तो म्हणाला की काकूचे अक्षर मी ओळखतो, जिथे म्हणाल तिथे सही करतो.

डॉक्टरांना भेटले. शेजारच्या बाईंनी सही केली तेव्हा ते समोरच होते आणि मावशीने आधी तीनही पाने मोठ्याने वाचून दाखवली होती, असे त्यांना स्वच्छ आठवते. घर विकायचे नाही. मामेबहीण सध्या भाड्याच्या घरात आहे. ती तिथे राहायला जाईल.

कोर्टनाका

या उत्तराने चित्र बरेच बदलले. मृत्युपत्र नसते तर ही मिळकत काकांच्या वारसांकडे गेली असती, आणि कायद्यातील वारसांच्या यादीप्रमाणे काकांचे आज पहिल्या वर्गातील (पत्नी, मुले, आई असे) कोणी वारस नाहीत, त्यांचे वडीलही हयात नसणार. दुसऱ्या वर्गात भाऊ आणि बहीण वरच्या नोंदीत येतात, भावाची मुले खालच्या नोंदीत. आणि वरच्या नोंदीतील कोणी हयात असेल तर खालच्यांपर्यंत काही पोचत नाही. म्हणजे काकांच्या बहीण, नागपूरच्या आत्याबाई, याच एकट्या वारस ठरल्या असत्या. ज्या पुतण्याच्या नावे संस्था भाग हस्तांतरित करायला निघाली आहे, तो नामनिर्देशित आहे, पण वारसही नाही आणि मालकही नाही.

तेव्हा संमती हवी ती आत्याबाईंची. पुतण्या आणि त्याच्या बहिणीचीही घ्या, त्याने काही बिघडत नाही. आत्याबाईंचे शपथपत्र नागपुरात तिथल्या नोटरीसमोर करता येईल. त्यांना मृत्युपत्र पूर्ण वाचून दाखवा, आणि हे नसते तर घर त्यांचे झाले असते हेही स्पष्ट शब्दांत सांगा. हे न सांगता घेतलेली सही मी तरी घेणार नाही; ती पुढे टिकतही नाही. शक्य तर त्यांच्या घरचे कोणी आणि त्यांच्या माहितीतला एखादा वकील त्या वेळी हजर असावा. शपथपत्र मराठीत करा. त्यांना कळणाऱ्या भाषेतील कागदाला नंतर आव्हान देणे कठीण जाते.

हे कागद हाती आले की संस्थेला कलम 154ब-13 खालचा अर्ज द्या: मृत्यूचा दाखला, मृत्युपत्राची प्रत, डॉक्टरांचे शपथपत्र, आत्याबाईंचे शपथपत्र, पुतण्याचे पत्र, आणि संस्थेला तोशीस लागल्यास भरपाई करण्याचे तुम्हा दोघींचे हमीपत्र. मूळ मृत्युपत्र कोणालाही देऊ नका, फक्त पडताळणीसाठी दाखवा. पुढे कधी घर विकायचे ठरले आणि न्यायालयात जावे लागले, तर मूळ प्रत न्यायालयात दाखल करावी लागेल आणि मराठी मजकुराचे अधिकृत इंग्रजी भाषांतरही लागेल. तोपर्यंत त्या तीन पानांना छिद्र पाडू नका, टाचणी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका.

केवडा

टाचणी आधीपासूनच आहे, मावशीनेच लावलेली. ती तशीच ठेवते.

कोर्टनाका

तशीच ठेवा. काढली तर पाने बदलल्याचा आरोप करायला जागा मिळते. डॉक्टरांच्या शपथपत्रात ‘तीन पाने टाचणीने एकत्र जोडलेली होती’ हे वाक्यही घालून घ्या.